पाठकोरे कागद

गेल्या वर्षी मे महिन्यात डोंबिवली पूर्वेतल्या एका अतिधोकादायक इमारतीतून एका दिवंगत माजी आमदाराचे कागद हलवण्यात आले. त्याच संध्याकाळी ते कल्याणमधल्या एका जुन्या वाचनालयात जमा झाले. कागदांसोबत त्यांच्या पत्नीची एक अट होती. ती तोंडी होती.

माजी आमदारांना सगळे सर म्हणत. राजकारणात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवत. आधी नगरसेवक, मग एकदा आमदार. तिकीट मिळालं ते शहरातल्या जुन्या चाळींमध्ये भाडेकरूंचं काम केलं होतं म्हणून, आणि पुन्हा मिळालं नाही ते बहुधा त्याच कारणाने. मी एका दैनिकासाठी महापालिकेच्या बातम्या सांभाळत होतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जाणं व्हायचं. बातमी मिळायचीच असं नाही. चहा मिळायचा.

सरांचं एक वाक्य शहरात सगळ्यांना माहीत होतं: तोंडी नको, लिहून द्या. अधिकाऱ्याने 'करतो' म्हटलं की ते समोर कागद सरकवायचे. प्रभाग कार्यालयात त्यांचं नावच 'लिहून-द्या आमदार' पडलं होतं. एका लग्नात यजमानाने जेवून जाण्याचा आग्रह केला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, सरांना लेखी द्या, त्याशिवाय पानावर बसायचे नाहीत." सर सगळ्यांत जास्त हसले आणि जेवले.

आमदारकीच्या काळात त्यांनी एक अशासकीय विधेयक तयार केलं. म्हणणं साधं होतं. धोकादायक इमारत रिकामी करताना प्रत्येक भाडेकरूला त्याच्या जागेचं मोजमाप, सही-शिक्क्यासह, घराबाहेर पाऊल टाकण्याआधी मिळालं पाहिजे. विधेयक मांडलं गेलं. चर्चेला आलं नाही. विधानसभेची मुदत संपली आणि ते बाद झालं. मी त्याची बातमी दिली होती. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लागली.

सर त्याआधीच्या वर्षी दिवाळीनंतर वारले. न्यूमोनिया झाला होता. मग उन्हाळ्यात इमारतीला नोटीस लागली आणि वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, मला फोन आला.

"भाऊजी, आम्हाला निघायला सांगितलंय. यांचे कागद माळ्यावर आहेत. रद्दीवाला दोनदा दाराशी येऊन गेला. मी त्याला म्हटलं, अजून वारस जिवंत आहेत."

वहिनी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. बोलताना वाक्य पूर्ण करायची सवय होती. त्यांना कळव्याला भाड्याने एक छोटा फ्लॅट मिळाला होता. मुलगी माजिवड्याला राहायची. ती रजा काढून आली होती आणि स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"काका, तुम्ही तरी सांगा हिला," मुलगी म्हणाली. "सगळं न्यायचं म्हणते. कळव्याचा फ्लॅट बघितलाय का तुम्ही? तिथे आई मावेल की नाही, हेच टेन्शन आहे."

"मी मावेन," वहिनी म्हणाल्या. "मी काही फुलस्केपचा गठ्ठा नाही."

माळ्यावरून गठ्ठे खाली आले. जुन्या धोतरांच्या फडक्यांत बांधलेले, वर सुतळी. अर्ज, प्रश्नोत्तरांच्या प्रती, भाषणांचे मसुदे, सभांचे वृत्तांत, लग्नपत्रिका, विजेची बिलं. मी मनात दोन ढीग ठरवले होते, राजकीय आणि घरचे. पहिल्याच गठ्ठ्यात ते जमणार नाही हे दिसलं.

सर पाठकोऱ्या कागदांवर लिहीत. एक बाजू वापरलेली, दुसरी कोरी, तो पाठकोरा. आमच्या पिढीच्या घरांत असे कागद फेकत नसत. आमच्या कार्यालयातही बातम्या वृत्तसंस्थेच्या तारांच्या पाठीवर लिहिल्या जात, त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. सरांनी ही सवय आमदार झाल्यावरही सोडली नाही. पाणीटंचाईवरचं भाषण मुलीच्या बारशाच्या निमंत्रणामागे होतं. पालिका आयुक्तांना पाठवलेल्या पत्राचा कच्चा मसुदा डॉक्टरच्या चिठ्ठीच्या पाठीवर. कुठल्याही कागदाला एकाच ढिगात ठेवता येत नव्हतं.

वाचनालयाच्या कार्यवाहांना मी आधीच भेटलो होतो. ते कल्याणचे जुने रहिवासी, सत्तरीच्या पुढचे, बोलणं तिरकस. "पत्रकारसाहेब, गावात मोठा माणूस गेला की त्याची पुस्तकं मुलगा नेतो आणि रद्दी आमच्याकडे येते," ते म्हणाले होते. "सरांचं राजकीय तेवढं द्या. वाणसामानाच्या याद्या नकोत. आणि मुख्य म्हणजे ते विधेयक त्यांच्या हातचं असेल तर द्या. ते असेल तर समितीकडून कपाट मंजूर करून घेतो. नसेल तर अवघड आहे."

विधेयक त्यांच्या हातचं होतं. शेवटच्या गठ्ठ्यात सापडलं. काळ्या-निळ्या शाईच्या पेनने, समासासकट, एकेक कलम. सर आयुष्यभर शाईचं पेन वापरत. मी पहिलं पान उलटलं आणि वहिनींनी ते माझ्या हातातून घेतलं.

मागच्या बाजूला मुलाचं अक्षर होतं.

सरांना मुलीच्या पाठचा एक मुलगा होता. स्थापत्यच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असताना तो काविळीने गेला. परीक्षा जवळ आली होती. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची त्याची पद्धत होती. फुलस्केपच्या एकाच बाजूला, बॉलपेनने, आकृत्या पट्टीने काढून. तुळईवर किती भार येईल, ती कुठे वाकेल, अशी ती गणितं होती. तो गेल्यावर ते कागद टेबलाखाली राहिले. काही आठवड्यांनी सरांनी विधेयक लिहायला घेतलं, ते त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर.

ही हकीकत मला त्या दिवशी वहिनींनी सांगितली. मी इतकी वर्षं त्या घरात जात होतो, मला माहीत नव्हती.

"मी चहा घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "बघितलं तर हे त्याच्या कागदावर लिहीत बसलेले. मी म्हटलं, अहो, हा त्याचा कागद आहे. तर म्हणाले, मागून कोराच आहे. एवढंच म्हणाले. मान वर केली नाही."

त्यानंतर त्या टेबलाला त्यांनी हात लावला नाही. चहा दाराजवळच्या स्टुलावर ठेवत. हे मी पाहिलं होतं. स्टूल मला आठवतं. वयामुळे, सवयीमुळे असेल असं वाटलं होतं.

मुलगी भांडी सोडून आत आली होती. "आई, तू प्रत्येक वेळी अर्धंच सांगतेस," ती म्हणाली. "बाबा आधी ते पान वाचायचे. पूर्ण. मग उलटायचे आणि लिहायचे. मी बघितलंय."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू स्टूल आणलंस."

वहिनींनी चष्मा लावला आणि पानं एकेक करून मुलाच्या बाजूने पाहायला लागल्या. विधेयकाचा क्रम बिघडेल म्हणून मी पानांना कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घातले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. मुलाच्या उत्तरासमोर समासात एक बरोबरची खूण होती. काळ्या-निळ्या शाईत. अशी खूण आणखी काही पानांवर होती. एका ठिकाणी उत्तर चुकलं होतं आणि बाजूला योग्य आकडा लिहिला होता. सात काढायची पद्धत सरांची होती, मध्ये आडवी रेघ देऊन.

"हे यांनी तो असताना तपासलं, की नंतर?" वहिनींनी विचारलं.

मुलीला सांगता येईना. अभ्यास तपासायला तो बाबांना देत नसे, ओरडा बसतो म्हणून, असं ती म्हणाली. पण नक्की माहीत नाही, असंही म्हणाली. मी पान खिडकीजवळ नेऊन पाहिलं. खुणा मुलाच्या हयातीत केल्या की तो गेल्यावर, हे कागदावरून ठरवता येत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग मला निवांत बघू दे," वहिनी म्हणाल्या. "सगळी पानं. सावकाश. घाईत कळायचं नाही."

घर सोडायला दोनच दिवस उरले होते.

झेरॉक्स काढून वाचनालयाला द्याव्यात, असं मी सुचवलं. कार्यवाहांना फोन केला. "झेरॉक्सला कपाट मिळत नाही हो," ते म्हणाले. "मूळ असेल तर समितीपुढे ठेवतो." वहिनींना विचारलं, मुलाच्या बाजूच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवल्या तर? त्यांनी माझं बोट धरून पानाच्या पाठीवर फिरवलं. मुलगा बॉलपेन दाबून लिहीत असे. अक्षरं मागून हाताला लागत होती.

दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयाचा माणूस मोजमापाला आला. टेप धरली, आकडे मोबाइलमध्ये टाकले आणि म्हणाला, "झालं मावशी, ऑफिसला नोंद होईल."

"तोंडी नको," वहिनी म्हणाल्या. "लिहून द्या. आकडे, सही, शिक्का."

"अहो, शिक्का काय खिशात घेऊन फिरतो का मी?"

"मग घेऊन या. मी बसले आहे. छत पडलं तर तुमच्या साहेबांना सांगा, म्हातारी शिक्क्याची वाट बघत होती."

खालच्या मजल्यावरचे दोघे-तिघे जिन्यात येऊन उभे राहिले होते. त्यांनीही तेच धरलं. माणूस परत गेला आणि दुपारी शिक्का घेऊन आला. जिन्यातल्या सगळ्यांना कागद मिळाले. वहिनींनी आपला नीट वाचला, एक आकडा दुरुस्त करून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

त्याच रात्री त्यांनी ठरवलं की कागद वाचनालयाला द्यायचे. विधेयकासकट सगळे. कळव्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींना ओल होती, हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं त्यांनी मुलीला सांगितलं: इतके लोक जिन्यात उभे राहिले, ते यांनी लिहिलेलं आहे, ते माझ्या कपाटात कसं ठेवू. अट एकच. विधेयकाची पानं सुटी ठेवायची, फायलीत, शिवायची नाहीत. त्या महिन्यातून एकदा येतील आणि पानं उलटून बघतील.

मी अट चार ओळींत लिहून, दोन प्रती काढून नेल्या. वाचनालयात पोचलो तेव्हा कार्यवाह स्वतः पायऱ्यांपर्यंत आले. समितीचे आणखी दोघे होते. गठ्ठे आत गेले. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, बशीत बाकरवडी आली, चहा आला. मी पिशवीतून कागद काढायला लागलो तेव्हा वहिनींनी माझा हात दाबला.

"अहो भाऊजी, चहा देताहेत आपल्याला," त्या हळू म्हणाल्या. "त्यांच्यासमोर कागद कुठे काढता? बरं दिसतं का?"

"सर असते तर त्यांनी काढला असता."

"सरांना शोभायचं. मला नाही शोभत."

त्यांनी अट तोंडी सांगितली. स्पष्ट, पूर्ण वाक्यात. कार्यवाहांनी हात जोडले. "वहिनी, हे सांगायला हवं का? घर आहे तुमचं. या, बसा, वाचा. चहाचं मात्र दर वेळी जमेल असं नाही." सगळे हसले. माझ्या पिशवीतल्या दोन्ही प्रती पिशवीतच राहिल्या.

वहिनी पहिल्या महिन्यात कळव्याहून एकदा गेल्या. मीही सोबत होतो. त्या मोठ्या टेबलापाशी दुपारभर बसल्या. खुणा असलेली पानं त्यांनी वेगळी काढली, तारखा सापडतात का ते पाहिलं. मुलाने काही पानांवर वर कोपऱ्यात महिना लिहिला होता. खुणा असलेल्या पानांपैकी निम्मीच पाहून झाली. "पुढच्या वेळी उरलेली," त्या म्हणाल्या आणि पानं परत क्रमाने लावली.

मग पाऊस लागला. वहिनींचा गुडघा सुजला, त्यांना कळव्याचा जिना उतरवेना. पुढची वेळ दोनदा ठरून रद्द झाली. कार्यवाह डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला गेले ते गणपतीनंतरही तिथेच होते. त्यांच्या गैरहजेरीत समितीने ठरवलं की सरांच्या पहिल्या स्मृतिदिनाला विधेयकाचा मसुदा मांडून ठेवायचा. हे पुढे मला इतिवृत्तात वाचायला मिळालं. पानांच्या कडा झिजल्या होत्या, घड्यांवर कागद फाटत होता. मसुदा दुरुस्तीला द्यावा, असं ठरलं. अटीचा उल्लेख इतिवृत्तात नाही. ती ऐकलेले समितीचे दोघे त्या बैठकीला होते. एकाला अट आठवत होती, पण ती 'शिवायचं नाही' एवढीच होती असं त्याने मला सांगितलं. दुसऱ्याला चहा आठवत होता.

स्मृतिदिनाला वहिनी आल्या. मुलीने गाडी केली होती. फोटोला हार झाला, दोन भाषणं झाली, दोन्हींत 'लिहून द्या'चा किस्सा आला. मग पडद्यामागून टेबल पुढे आणलं. विधेयकाची पानं त्यावर ओळीने मांडली होती. सपाट, स्वच्छ, कडा सरळ. लोक वाकून सरांचं अक्षर पाहत होते. वहिनींनी शेवटचं पान उचललं. ते जाड लागलं असणार, कारण त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मग उलटलं.

मागे तपकिरी कागद होता.

त्यांनी दुसरं पान उलटलं. मग तिसरं. समितीतले एक जण पुढे येऊन म्हणाले, "वहिनी, आता शंभर वर्षं काही होत नाही. चांगली मजबुती केली आहे."

"ह्याची दुसरी बाजू कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. मुलगी जागेवरून उठून आईजवळ आली होती. तिने सांगितलं. सभागृहात माईक चालू होता, पुढच्या गाण्यासाठी कोणी तरी पेटीचा सूर लावत होतं.

बाइंडर आंबिवलीचे. वाचनालयाचं काम त्यांच्याकडे वडिलांपासून होतं. दोन दिवसांनी त्यांना बोलावलं. मी आणि मुलगी होतो. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, दार उघडं होतं. "मला सांगितलं, सरांचं अक्षर वाचवा," ते म्हणाले. "मागं लिहिलेलं होतं, मी विचारलंपण. म्हणाले, ते पोराच्या अभ्यासाचं आहे, त्याचं काय नाय. कागद मऊ झालेला. पाठीला जाड कागद मारल्याशिवाय टिकला नसता. खळ लावली, दाबाखाली ठेवला. आमची हीच पद्धत."

कोणी सांगितलं, हे त्यांना नेमकं आठवत नव्हतं. त्या दिवशी काउंटरवर बरेच जण होते.

"निघेल का?" मुलीने विचारलं.

"पाण्यात ठेवलं तर खळ सुटंल, ताई. कागद वेगळा होईल. पण ही दौतीची शाई आहे, ही जाणार. बॉलपेन राहील."

म्हणजे मुलाची गणितं राहतील. विधेयक जाईल, आणि गणितांसमोरच्या खुणाही जातील, कारण त्या त्याच शाईतल्या होत्या. बाइंडरला खुणांबद्दल माहीत नव्हतं. मुलीने आईकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. नको.

कार्यवाह पुण्याहून परतल्यावर कळव्याला जाऊन आले. जिना चढताना त्यांना धाप लागली होती आणि डोळ्यावर काळा चष्मा होता. मी तिथे होतो. नेहमीची तिरकस भाषा नव्हती. "वहिनी, मी इथे असतो तर..." असं म्हणून ते थांबले.

"पाणी घ्या," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. इतकी वर्षं यांच्याबरोबर काढली आणि ऐन वेळी लाजले."

मुलगी आतून म्हणाली, "आई, पुरे."

कागदाच्या कामातल्या एका तज्ज्ञाला वाचनालयाने पत्र पाठवलं आहे. शाई न हलवता चिकटवलेला कागद सोडवता येईल का, असं त्यात विचारलं आहे. त्याची प्रत वहिनींनी मागून घेतली; त्यावर पाठवल्याची पोच आहे. उत्तर आलेलं नाही. वहिनी यंदा वाचनालयात गेलेल्या नाहीत. डोंबिवलीची इमारत पाडली आहे. नवीन बांधकाम सुरू झालेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन आलो. सरांचे कागद दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात आहेत. विधेयकाची पानं सर्वांत वरच्या खणात, कापडी फायलीत, सुटी आहेत. दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे लिहिलं आहे: 'विधेयकाचा हस्तलिखित मसुदा. फुलस्केप. शाईने. एका बाजूस मजकूर.'